वेल्डिंगचे यंत्र आणि जांभ्याची जमीन

शापोरा नदीच्या उत्तर तीरावर वसलेले चोपडे हे पेडणे तालुक्यातील एक लहानसे गाव. समोरच्या तीरावर बार्देशातील शिवोली. एके काळी या दोन तीरांमधील ये-जा फेरीबोटीने चाले. आज तेथे पूल उभा आहे. फेरीबोटीचा लोखंडी सांगाडा असो, मच्छीमारी ट्रॉलरचा नांगर असो, घराच्या खिडकीची जाळी असो की अंगणाचे फाटक असो, लोखंडाला लोखंड जोडावयाचे म्हटले की वेल्डिंगवाचून चालत नाही. पूर्वी गावात लोहाराचा भाता असे; आज त्याच्या जोडीला, किंबहुना त्याच्या जागी, वेल्डिंगचे दुकान आलेले दिसते. संध्याकाळच्या वेळी त्या दुकानातून निळसर-पांढरा लखलखाट दूरवर दिसतो. तो प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहू नये, एवढे आपणा सर्वांस ठाऊक असते. परंतु ज्या यंत्रातून तो निघतो त्याचा धोका केवळ डोळ्यांपुरता नाही. त्याहून मोठा धोका डोळ्यांना मुळीच न दिसणारा आहे, आणि त्याचा संबंध यंत्राइतकाच आपल्या पायाखालच्या जमिनीशी आहे. तो संबंध समजावून घेणे हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. विजेचे दोन वाहक एकमेकांस टेकवून किंचित दूर केले असता मधल्या फटीतून प्रवाह चालू राहतो आणि तेथील वायू प्रखर तेजाने प्रकाशतो. यास विद्युत्‌प्रज्योत म्हणतात. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, आणि प्रज्योतीचे तापमान त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे काही हजार अंश असते. या उष्णतेने धातू जोडण्याची युक्ती रशियात काम करणारे निकोलाय बेनार्दोस यांनी १८८० नंतरच्या दशकात सिद्ध केली. त्यांनी कार्बनची कांडी वापरली होती. पुढे धातूचीच कांडी वापरण्याची पद्धत आली, आणि १९०७ साली स्वीडनमधील ऑस्कर शेलबेर्ग यांनी त्या कांडीवर रासायनिक लेप चढविण्याचे पेटंट घेतले. आज आपले कारागीर ज्याला ‘रॉड’ म्हणतात तो याच लेपयुक्त कांडीचा वंशज होय.

दुकानात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. मोठ्या यंत्रांस दोन फेजांमधील ४१५ व्होल्टांच्या सुमाराची वीज दिली जाते. वेल्डिंगला मात्र एवढा दाब नको असतो. त्याला हवा असतो तो मोठा प्रवाह. सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या रॉडला शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि प्रज्योत पेटलेली असताना दाब केवळ वीस ते तीस व्होल्ट असतो. दाब उतरवून प्रवाह वाढविण्याचे काम यंत्रातील रोहित्र करते. रोहित्रात तारांची दोन वेटोळी असतात : एक विजेच्या खांबाकडून येणाऱ्या जोडणीचे, दुसरे रॉडच्या बाजूचे. दोहोंमध्ये तारेचा संबंध नसतो. शक्ती जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. हल्ली खांद्याला अडकवून नेता येणारी ‘इन्व्हर्टर’ यंत्रे आली आहेत. त्यांची रचना अधिक गुंतागुंतीची असली तरी दोन विभक्त बाजूंचे तत्त्व तेच आहे. हे तत्त्व ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारे विवेचन त्यावर अवलंबून आहे.

आता धोक्याकडे वळू. यंत्राची पेटी पत्र्याची असते. आतील तारेवरचे वेष्टन उष्णतेने, धुळीने, उंदराने किंवा समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेने खराब झाले, आणि पहिल्या बाजूची जिवंत तार पेटीस टेकली, तर ती संपूर्ण पेटी २३० व्होल्टांवर जाते. बाहेरून काहीच कळत नाही. यंत्र गुणगुणत असते, रॉड जळत असतो, आणि एखादा मनुष्य सहज पेटीवर हात ठेवतो. घामाने भिजलेल्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळ मानाने १००० ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर प्रवाह त्याच्या शरीरातून जाऊ शकतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडून पकडलेली वस्तू सोडता येईनाशी होते. पन्नासच्या पुढे, प्रवाह छातीतून काही काळ वाहिल्यास, हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे एक साधा बल्ब पेटवावयास लागतो तेवढाही प्रवाह प्राण घ्यावयास लागत नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो : प्रवाहास शरीरातून जाण्याचे कारण काय? कारण असे की, रस्त्यावरील मोठ्या रोहित्राची न्यूट्रल तार तेथे मुद्दाम जमिनीस जोडलेली असते. वीज मंडल पुरे करू पाहते. तिला आपल्या उगमाकडे परत जावयाचे असते. ती परतवाट जमिनीतून मिळू शकते, ही गोष्ट १८३८ सालीच म्युनिच येथील श्टाइनहाइल या शास्त्रज्ञाने दाखवून दिली होती. तारायंत्रास जाणारी एक तार व येणारी दुसरी तार लागते असा तोवरचा समज होता. त्याने दुसरी तार काढून टाकून दोन्ही टोके जमिनीत पुरली आणि यंत्र चालूच राहिले. आपल्या पायाखालून विजेची वाट आहे, हा त्याचा अर्थ. पेटीला हात आणि जमिनीला पाय लावून उभा असलेला मनुष्य त्या वाटेवरचा पूल बनतो.

यावरील उपाय म्हणजे भूयोजन, ज्याला आपण सर्वजण ‘अर्थिंग’ म्हणतो. पेटी जाड तारेने जमिनीशी जोडून ठेवावयाची, म्हणजे दोष उत्पन्न होताच प्रवाह माणसाऐवजी त्या सोप्या वाटेने जाईल, तो मोठा असल्यामुळे फ्यूज वितळेल आणि वीज बंद पडेल. पाठ्यपुस्तकात आपण इतकेच वाचतो, आणि ते खरेही आहे. पण त्यात एक अट गृहीत धरलेली असते : जमिनीची वाट खरोखरच सोपी असली पाहिजे. ती तशी आहे किंवा नाही, हे जमिनीच्या जातीवर अवलंबून असते, आणि गोमंतकात तर दोन टोकांच्या दोन जाती शेजारी शेजारी नांदतात.

पेडणे व डिचोली तालुक्यांतील उंचवट्याचा बराच भाग जांभ्या दगडाचा आहे. याच दगडाचे चिरे कापून आपली घरे बांधली जातात. फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील अशा दगडाचे वर्णन केले आणि लॅटिन भाषेतील विटेच्या नावावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. मोपा येथील ज्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, ते पठारही जांभ्याचेच. हा दगड सच्छिद्र असतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक चार महिन्यांत. आणि सड्यावर पडलेले पाणी छिद्रांतून खाली झिरपून जाते. एप्रिल-मे महिन्यांत वरचा थर ठणठणीत कोरडा होतो. माती वीज वाहते ती तिच्यातील ओलावा आणि त्यात विरघळलेले क्षार यांच्या बळावर. कोरड्या, क्षार वाहून गेलेल्या जांभ्यात दोन्ही नसतात. याउलट नदीकाठच्या खाजनांत भरतीचे खारे पाणी मुरलेले असते. तेथील चिखल विजेचा चांगला वाहक असतो.

हा भेद किती मोठा आहे, ते आकड्यांनी पाहू. मातीच्या अंगच्या या अडथळ्यास रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये मोजतात. खाऱ्या ओल्या चिखलाची रोधकता १० ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असू शकते. साध्या ओलसर मातीची १०० धरावी. कोरड्या जांभ्याची १००० पर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकते. आता ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा एक जस्तलेपित नळ उभा पुरला, तर ठरलेल्या सूत्राप्रमाणे त्याचा जमिनीशी रोध चिखलात सुमारे साडेतीन ओहम, साध्या मातीत ३५ ओहम आणि कोरड्या जांभ्यात ३५० ओहम येतो. नळ तोच, तार तीच, खर्च तोच. रोध मात्र शंभरपट!

दोष उत्पन्न होऊन पेटी २३० व्होल्टांवर गेली, की चिखलातील नळातून सुमारे ६५ अँपिअर, साध्या मातीतील नळातून साडेसहा अँपिअर आणि जांभ्यातील नळातून केवळ पाऊण अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. दुकानातील फ्यूज समजा ३२ अँपिअरचा आहे. पाऊण अँपिअरने तो वितळणार नाही, साडेसहानेही वितळणार नाही. आणि ६५ अँपिअरनेसुद्धा तो तत्क्षणीच उडेल असे नाही. मग होणार काय? पेटी जवळजवळ पूर्ण दाबावर तशीच राहील, आणि ‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ असे समाधान मानून लोक तिच्याभोवती वावरत राहतील. खड्डा आहे, नळ आहे, तारही आहे, पण संरक्षण नाही. विद्यार्थी मित्रहो, या लेखातील एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची असेल तर ती ही : अर्थिंग असणे आणि अर्थिंग उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग जांभ्याच्या सड्यावर राहणाऱ्याने काय करावे? उपाय दोन आहेत, आणि दोन्ही एकत्र केले पाहिजेत.

पहिला उपाय म्हणजे खड्डा विचारपूर्वक करणे. अर्थिंगच्या कामाची पद्धत ‘भारतीय मानक ३०४३’ या पुस्तिकेत दिलेली आहे. तीनुसार खड्डा इमारतीपासून निदान दीड मीटर दूर असावा आणि नळ अडीच मीटरांहून आखूड नसावा. जागा निवडताना जेथे वर्षभर ओल टिकते असा सखल भाग, विहिरीचा किंवा न्हाणीच्या सांडपाण्याचा शेजार पाहावा. जांभ्याच्या थराखाली बहुधा मऊ, ओलसर चिकणमाती असते. विहीर खणणाऱ्यांना ती चांगली माहीत असते. तेथवर नळ पोहोचला तर रोध पुष्कळ उतरतो. नळाभोवती कोळसा व मीठ यांचे थर घालण्याची जुनी रीत आहे. मात्र आपल्या पावसात मीठ धुऊन जाते व नळही गंजवते, म्हणून हल्ली बेंटोनाइट नावाची पाणी धरून ठेवणारी माती वापरतात. एका नळाने भागत नसेल तर दोन-तीन नळ, एकमेकांपासून नळाच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतरावर पुरून, तारेने जोडावेत. खड्ड्यावर नरसाळे ठेवून उन्हाळ्यात पाणी घालावे. आणि रोध मोजावयाचा तो मे महिन्यात, मृगाच्या सरी येण्यापूर्वी. ऑगस्टात मोजलेला आकडा पावसाचा असतो; जमिनीचा खरा स्वभाव वैशाखातच कळतो.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा आहे. तो म्हणजे गळतीरक्षक खटका, ज्याला बाजारात ‘ई.एल.सी.बी.’ किंवा ‘आर.सी.सी.बी.’ म्हणतात. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहांची तो सतत तुलना करीत असतो. दोन्ही सारखे असतील तर ठीक. थोडासा प्रवाह जमिनीच्या वाटेने निसटला, की तो एका सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडतो. ३० मिलिअँपिअरचा खटका बसविला, तर आपल्या जांभ्यातील ३५० ओहमांच्या नळातूनही दोषसमयी ६५० मिलिअँपिअरच्या सुमाराचा प्रवाह जातो, आणि तेवढा त्याला पुरून उरतो. ३२ अँपिअरचा फ्यूज ज्याची दखलही घेत नाही, ते गळतीरक्षक तत्काळ ओळखतो. दुसरा हिशेब पाहा : ३० मिलिअँपिअर गुणिले ३५० ओहम म्हणजे साडेदहा व्होल्ट. खटका न पडता पेटीवर टिकू शकेल असा दाब एवढाच, आणि तो निरुपद्रवी आहे. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवितो. गळतीरक्षक माणसाला वाचवितो. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून दोन्ही हवेत. खटक्यावरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहणे मुलांनाही घरी, वडीलधाऱ्यांना सांगून, करता येईल.

आता यंत्र बसविण्याविषयी. यंत्र कोरड्या, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून थोड्या उंच चौथऱ्यावर ठेवावे. भिंतीला चिकटवू नये, म्हणजे त्याची उष्णता निघून जाईल. त्याच्यासाठी स्वतंत्र मुख्य स्विच हात पोहोचेल अशा अंतरावर असावा. तारेची जाडी यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहानुसार निवडावी. लहान यंत्राच्या बाबतीत अर्थिंगची तार जिवंत तारेइतकीच जाड घ्यावी, आणि तिचा रंग हिरवा किंवा हिरवा-पिवळा असावा. ती पेटीला जोडताना तेथील रंग खरवडून धातू उघडा करावा, बोल्ट घट्ट आवळावा व वर ग्रीस लावावे, कारण किनाऱ्यावरील खारी हवा सांधा लवकर गंजविते, आणि गंजलेला सांधा म्हणजे तुटलेली तारच. २५० व्होल्टांहून अधिक दाबाच्या यंत्राची पेटी दोन स्वतंत्र तारांनी जमिनीस जोडली पाहिजे, असा १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांपासून चालत आलेला दंडक आहे. एक तार सैल झाली तर दुसरी असावी, हा त्यामागील शहाणपणा. हे सारे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

खांद्यावरून नेल्या जाणाऱ्या लहान यंत्राची गोष्ट थोडी निराळी आहे. ते आज या घरी तर उद्या त्या घरी लागते, आणि त्याची सुरक्षितता प्रत्येक वेळी परक्या घराच्या अर्थिंगवर सोपविलेली असते. तिसरा दांडा कापलेला प्लग, नुसत्या दोन तारा खोचलेले सॉकेट, ही दृश्ये दुर्मीळ नाहीत. अशा कारागिराने गळतीरक्षक बसविलेला स्वतःचा जोडफळा बरोबर बाळगावा आणि तिसरा दांडा कधीही कापू नये.

यापुढे एका शब्दाने केलेला घोटाळा सांगितला पाहिजे. यंत्राच्या दुसऱ्या बाजूने दोन जाड तारा निघतात : एक रॉडच्या पकडीला जाते, दुसरी चिमट्याने कामाच्या लोखंडास लावतात. या दुसऱ्या तारेलाही आपल्याकडे सर्रास ‘अर्थ’ म्हणतात. वास्तविक तिचा जमिनीशी काही संबंध नाही. ती प्रज्योतीच्या प्रवाहाची परतीची तार आहे, आणि तिच्यातून शंभरावर अँपिअर सतत वाहत असतात. पेटीच्या खऱ्या अर्थिंगमधून मात्र, सर्व ठीक असताना, जवळजवळ काहीच वाहत नाही. नाव एक झाल्यामुळे ‘अर्थ लावला आहे’ असे म्हणताना मनुष्य चिमटा दाखवितो, आणि पेटी मात्र जमिनीस जोडलेलीच नसते.

याच घोटाळ्यातून आणखी एक अनर्थ घडतो. चिमटा जोडाच्या जवळ लावण्याचा कंटाळा करून तो दूरच्या खांबाला किंवा छपराच्या कैचीला अडकवितात. मग शंभर अँपिअरचा प्रवाह मिळेल त्या लोखंडी वाटेने परत येऊ लागतो. त्या वाटेत दुसऱ्या एखाद्या यंत्राची बारीक अर्थिंगची तार आली तर ती तापून जळते, आणि ते यंत्र नकळत संरक्षणहीन होते. साखळ्या व बेअरिंगेही अशा भटक्या प्रवाहाने डागतात. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीचे काम काठावरील यंत्राने करताना तर विशेष जपले पाहिजे. परतीची तार बोटीच्या लोखंडास नीट जोडली नाही, तर प्रवाह नदीच्या खाऱ्या पाण्यातून वाट काढतो आणि बोटीचा तळ झिजवितो. म्हणून चिमटा नेहमी जोडाच्या अगदी जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर लावावा.

गळतीरक्षकाचीही एक मर्यादा आहे. रोहित्राच्या दोन बाजू विभक्त असल्याने रॉडच्या बाजूस बसलेला धक्का त्याला कळतच नाही. रॉड जळत नसताना पकडीवर ऐंशी व्होल्टांपर्यंत दाब असू शकतो; ओल्या शरीरात तो ८० मिलिअँपिअर प्रवाह पाठवू शकेल, म्हणजे मारक ठरेल. येथे उपयोगी पडतात ती कोरडी चामडी हातमोजी, रबरी तळव्याचे बूट, पायाखालची कोरडी फळी आणि न फुटलेली पकड. पावसात, उघड्यावर, अनवाणी वेल्डिंग करू नये. टाकीत किंवा बोटीच्या पोटात चहूकडे लोखंड असताना एकट्याने काम करू नये. मुख्य स्विचपाशी दुसरा मनुष्य उभा असावा. रॉड बदलताना ओला हातमोजा आधी बदलावा.

आणि इतके करूनही अपघात घडलाच, तर चिकटलेल्या माणसास हाताने ओढू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे. श्वास थांबला असल्यास लगेच कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्यापैकी कित्येकजण शालान्त परीक्षेनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातील. काहींच्या घरी हा व्यवसाय आजही चालू असेल. वेल्डिंग ही जोडण्याची विद्या आहे, आणि तिच्यावर पुष्कळ कुटुंबांची चूल पेटते. तिच्यात निष्णात होणाऱ्याने हाताचे कौशल्य जसे संपादावे, तसाच आपल्या गावच्या जमिनीचा गुणही जाणावा. सड्यावरच्या माणसाने आणि खाजनाकाठच्या माणसाने एकाच पुस्तकातील एकच नियम डोळे मिटून पाळू नये. नियमामागील कारण समजून घ्यावे, मोजमाप करावे आणि मगच स्विच चालू करावा. विज्ञान शिकण्याचे प्रयोजन याहून वेगळे ते काय?